मे महिन्यातलं लग्न, फाटणारा बेस आणि नेलपेंटवरचे फोड

एप्रिल उजाडला की तक्रारी ठरलेल्या. "सकाळी आठला केलेला बेस बारापर्यंत नाकाजवळ फाटला." "फोटोत चेहरा राखाडी आलाय." "नेलपेंट सुकलं आणि बघते तर वर बारीक बारीक फोड." आणि शेवटी हमखास प्रश्न: आता कुठलं प्रॉडक्ट घेऊ?

माझ्या उत्तराने बहुतेक जणी हिरमुसतात. नवीन काही घेऊ नका, आहे तेच निम्म्या मापाने लावा आणि दोन थरांच्या मध्ये थांबा. चेहऱ्यावरच्या बेसचं, म्हणजे फाउंडेशन आणि त्याच्या खाली-वर लागणाऱ्या थरांचं, आणि नखावरच्या रंगाचं उन्हाळ्यातलं दुखणं एकाच जातीचं आहे. खाली तेल किंवा ओल, त्यावर जाड थर, तो बसायच्या आत दुसरा थर, आणि वरून ऊन. पाच हजारांची बाटली असो की तीनशेची, या क्रमाने लावली तर फाटणारच.

आधी ठरवा, तुमचा उन्हाळा कोणता

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे पारा ३३-३४ च्या आसपास असतो, पण हवेत इतकी ओल की घाम उडतच नाही. तो चेहऱ्यावर साचतो आणि बेसला खालून उचलतो. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो, हवा मात्र कोरडी ठाक. तिथे घाम दिसायच्या आत उडून जातो, त्वचा ओढली जाते आणि बेसला भेगा पडतात, खास करून ओठांच्या कडेला आणि डोळ्यांखाली. दोन्हीकडच्या मुली म्हणतात "बेस फाटला", पण उपाय उलटे आहेत. मुंबईच्या मुलीला मॅट प्रायमर, म्हणजे फाउंडेशनखाली लावायचं चकाकी मारणारं क्रीम, आणि दाबून बसवलेली पावडर लागते. तीच पावडर अकोल्याच्या मुलीला लावलीत तर तासाभरात चेहरा पिठूळ दिसेल. तिला आदल्या रात्रीपासून मॉइश्चरायझर हवं आणि पावडर फक्त नाकावर, कपाळाच्या मध्यावर.

त्यामुळे कोणाचीही व्हिडिओतली युक्ती उचलण्याआधी ती बाई कोणत्या गावात बसून बोलतेय ते बघा. विदर्भातल्या हॉलमध्ये मोठे वॉटर कूलर लावलेले असले की आणखी एक गंमत: कूलरच्या थेट समोर बसलेल्या करवलीचा बेस मुंबईसारखा वागायला लागतो.

फाटतो कुठे ते बघा

आरसा जवळ घेऊन नीट बघा. जागेवरून कारण कळतं.

नाकाच्या दोन्ही बाजूंना गोल गोल छिद्रं दिसत असतील तर तेल. तिथे बेस कधीच जास्त लागत नाही, तरी सवयीने आपण तिथेच सगळ्यात जास्त थापतो. गालावर लावून स्पंजवर जे उरेल तेवढंच नाकाला पुरे.

वरच्या ओठावर रांगोळीचे ठिपके पडल्यासारखं दिसत असेल तर घाम. त्या जागेवर बेस लावायच्या आधी टिश्यू दाबून ती कोरडी करा, पंख्याखाली मिनिटभर बसा, मग लावा. घाम सुरू असताना लावलेला बेस पाण्यावरच बसलेला असतो.

कपाळावर किंवा गालावर बोट फिरवल्यावर वळ्या सुटत असतील, खोडरबरच्या चुऱ्यासारख्या, तर भांडण खालच्या थरांचं आहे. बहुतेक वेळा दोषी सनस्क्रीन. कमी लागलेलं नव्हे, न सुकलेलं. सनस्क्रीनवर छापलेला एसपीएफ, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा, मोजताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम असं माप धरतात. चेहऱ्याला आणि मानेला दोन बोटांच्या लांबीइतकं ते भरतं. एवढा थर त्वचेवर बसायला पंधरा मिनिटं तरी द्यायला हवीत. आपण देतो दोन. मग त्यावर सिलिकॉनचा प्रायमर घासतो आणि सगळं मिळून गुंडाळलं जातं. बाटलीमागची यादी वाचा: सुरुवातीच्या चार-पाच नावांत डायमेथिकोन किंवा सायक्लोपेंटासिलोक्सेन असेल तर ते सिलिकॉनवालं, पहिलं नाव पाणी आणि सिलिकॉन कुठेच नसेल तर पाण्यावालं. पाण्यावालं सिलिकॉनवर टिकत नाही असा सरसकट नियम लोक सांगतात, तो तितका पक्का नाही, कारण बहुतेक फाउंडेशनमध्ये दोन्ही असतं. पण वळ्या सुटत असतील तर प्रायमर आणि फाउंडेशन एकाच जातीचं घेऊन बघा. त्याआधी मात्र पंधरा मिनिटांचा प्रयोग करा. बऱ्याच वेळा तिथेच प्रश्न मिटतो आणि प्रायमर बदलायची वेळच येत नाही.

आणि फाउंडेशनमध्ये एसपीएफ १५ लिहिलंय म्हणून सनस्क्रीन वगळू नका. तेवढं संरक्षण मिळवायला जेवढं फाउंडेशन लावावं लागेल, तेवढं लावून कोणी बाहेर पडत नाही. शाळेच्या गॅदरिंगमधला पॅनकेकचा जाड मेकअप सोडला तर.

लावायची रीत

सनस्क्रीन, पंधरा मिनिटं. या वेळात साडी नेसून घ्या, केस करून घ्या. प्रायमर लागतोच असं नाही. लावायचा तर फक्त जिथे तेल सुटतं तिथे, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. मग फाउंडेशनचा एक पंप, तोही हाताच्या मागच्या बाजूवर काढून. स्पंज पाण्यात बुडवून घट्ट पिळा, टॉवेलमध्ये दाबून उरलेलं पाणी काढा, आणि थोपटत लावा. ओढू नका. दोन-तीन मिनिटं थांबा. आता आरशात बघा कुठे कमी पडलंय, आणि फक्त तिथेच दुसरा हात द्या, नाहीतर कन्सीलर, म्हणजे डाग झाकणारा दाट रंग.

पावडर ब्रशने उडवण्याऐवजी पफने दाबून बसवा. पफ हाताच्या पंजावर आधी झटकायचा. मग सेटिंग स्प्रे. इथे एक गैरसमज: गुलाबपाणी म्हणजे सेटिंग स्प्रे नव्हे. गुलाबपाण्याने पावडरचा पिठूळपणा थोडा कमी होतो, वास छान येतो, पण बेस धरून ठेवणारा पापुद्रा त्यातून तयार होत नाही. त्यासाठी यादीत पीव्हीपी किंवा अ‍ॅक्रिलेट्स असं काहीतरी असावं लागतं.

वेळ एवढा नसेल तर? मग थर कमी करा. सनस्क्रीन, कन्सीलर, पावडर, बस. घाईत केलेल्या सात थरांपेक्षा हे तीन थर दुपारी चांगले दिसतात.

काळवंडतो, राखाडी पडतो

दुकानात गोरा दिसलेला बेस घरी येईपर्यंत एक-दोन छटा गडद होतो, त्याला सगळे ऑक्सिडाइज झाला म्हणतात. फाउंडेशनचा रंग मुख्यतः लोहाच्या ऑक्साइडांचा असतो, पिवळा, लाल, काळा, आणि पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड. ही द्रव्यं आधीच ऑक्सिडाइज झालेली आहेत. घडतं ते असं की त्यातले उडून जाणारे द्राव काही मिनिटांत उडतात, रंग दाटतो, आणि त्वचेचं तेल मिसळलं की तो आणखी गडद दिसतो. म्हणून शेड बघायची ती जबड्याच्या कडेला, आणि अर्धा तास बाजारात फिरून मग दुकानाच्या दाराशी, उजेडात. मनगटावर नको, ट्यूबलाइटखाली तर मुळीच नको.

राखाडी पडणं ही वेगळी गोष्ट. ते जवळजवळ नेहमी एका छटेने गोरं दिसायच्या हट्टातून येतं. गव्हाळ, पिवळसर कांतीवर गुलाबीसर फिकट शेड चढवली की त्यातला पांढरा रंग राख होऊन दिसतो. मॅक या ब्रँडच्या शेड बघत असाल तर एनसी हे पिवळसर कांतीसाठी आणि एनडब्ल्यू गुलाबीसर कांतीसाठी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. डोळ्यांखाली राखाडी होत असेल तर आधी काळेपणा मारणाऱ्या नारिंगी करेक्टरचा अगदी पातळ हात, मग कन्सीलर. फिकट कन्सीलर थेट निळसर काळ्यावर लावला की राख ठरलेली.

फक्त फ्लॅशच्या फोटोत चेहरा पांढरा फटक येत असेल तर पावडरमधलं सिलिका किंवा सनस्क्रीनमधलं झिंक. आदल्या रात्री दिवा मालवून मोबाइलच्या फ्लॅशने एक फोटो काढा, लगेच समजेल. पिवळसर बनाना पावडर आपल्या कांतीला पांढऱ्या पावडरपेक्षा सोपी जाते.

हळदीनंतर शेड का जुळत नाही

हे नवरीसाठी, आणि यावर कोणी फारसं बोलत नाही. ट्रायल होते महिनाभर आधी. तेव्हा शेड अगदी बरोबर बसते. मग आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी हळद लागते आणि चेहरा पिवळा, मान अर्धवट पिवळी, कानामागे वेगळाच रंग. त्यावर तीच शेड लावली की मेकअपवालीला वाटतं बाटली खराब झाली.

हळदीचा पिवळा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. त्यामुळे साबणाने चारदा धुऊन उपयोग नाही. खोबरेल तेल किंवा क्लेन्झिंग बाम चेहऱ्यावर, मानेवर, कानामागे दोन मिनिटं हलक्या हाताने फिरवा, ओल्या मऊ कापडाने पुसा, मग फेसवॉश. लागलं तर पुन्हा एकदा. बेसन-लिंबाने घासू नका. त्वचा सोलवटते आणि दुसऱ्या दिवशी बेस त्या सालींना धरून बसतो. तेल लावलंय म्हणून फेसवॉश चुकवायचा नाही, नाहीतर पुन्हा नाकाजवळची छिद्रं. हौशी मावशी-काकूंना आधीच सांगून ठेवा की चेहऱ्याला बोट लावा, ओंजळ नको. ऐकत नाहीत, पण सांगून ठेवा.

मुंडावळ्या, नथ, अक्षता

मराठी नवरीच्या बेसला जे सोसावं लागतं ते परदेशी बाटलीच्या जाहिरातीत कुठे नसतं. मुंडावळीची आडवी सर कपाळावर घट्ट बसते, तिच्याखाली घाम धरतो, आणि दर पाच मिनिटांनी कोणीतरी ती खाली-वर सरकवतं. तासाभराने सर काढली की कपाळावर मोत्यांच्या आकाराची बेस निघालेली रेघ. बांधायच्या आधी बरोबर त्या रेषेवर बेस अगदी पातळ ठेवा आणि पफने पावडर दाबा. सरकवायची वेळ आली तर सर कपाळापासून उचलून पुन्हा ठेवायची, घासत न्यायची नाही. हे काम करवलीला समजावून द्या, नवरीला तेव्हा काही सुचत नसतं.

चापाची नथ असेल तर नाकपुडीवर चाप बसतो तिथला बेस अर्ध्या तासात जातो. तिथे फाउंडेशन लावूच नका. नथ घातल्यावर बारीक ब्रशने आजूबाजूला कन्सीलर टेका. नथीचा मोती वरच्या ओठाला जिथे टेकतो तिथेही तेच.

अक्षतांचं कुंकू ओलसर गालावर लाल ठिपका सोडतं. दाणा कोरड्या ब्रशने उडवा, बोटाने पुसलात की ठिपक्याचा पट्टा होतो. होमाजवळ बसल्यावर डोळ्यांतून पाणी येणारच, त्यासाठी टिश्यूची घडी घालून तिचं टोक डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याला टेकवायचं.

टच-अपचा क्रम एकच: आधी टिश्यू दाबून घाम-तेल टिपा, मग पावडर. घामावर पावडर म्हणजे लगदा. आणि पावडर दोनदापेक्षा जास्त नको; तिसऱ्यांदा नुसतं टिपा.

माझ्याकडे काय असतं

रोजच्या दमट हवेसाठी मेबलीनचं फिट मी मॅट प्लस पोरलेस. गव्हाळ कांतीला १२८ पासून ३१० पर्यंत कुठेतरी जुळून जातं. ऑफिसच्या पाच-सहा तासांसाठी लॅक्मेचं नाइन टू फाइव्ह प्रायमर प्लस मॅट. १९५२ पासूनचं नाव, गावोगावच्या दुकानात मिळतं, ही त्याची मोठी सोय. नवरीसाठी एस्टी लॉडरचं डबल वेअर. १९९७ मध्ये आलेलं हे फाउंडेशन अजून दमट हवेत मला सगळ्यात भरवशाचं वाटतं, पण ते पटकन सुकतं, म्हणून अख्ख्या चेहऱ्यावर ठिपके काढून ठेवायचे नाहीत. एक गाल पूर्ण करा, मग दुसरा. कोरड्या हवेसाठी क्रायोलानची टीव्ही पेंट स्टिक, ओल्या स्पंजने इतकी पातळ की खालचा तीळ दिसावा. स्टिकमध्ये मेण असतं, उन्हात ते मऊ पडतं, म्हणून बाहेर मांडवात लग्न असेल तर मी ती बाहेर काढत नाही.

बाटली गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. तेल वर येऊन वेगळं झालं असेल आणि हलवूनही मिसळत नसेल तर ती टाकायची. मागे उघड्या डबीचं चित्र आणि त्यात १२एम लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून बारा महिने.

नेलपेंट: अबोली

या ऋतूचा माझा रंग ठरलेला आहे, अबोली. गुलाबी आणि नारिंगीच्या मधला, गजऱ्यातल्या अबोलीसारखा. गव्हाळ आणि सावळ्या हातावर तो खुलतो, मेंदीच्या तांबूस रंगाशी भांडत नाही, आणि हिरव्या चुड्याशेजारी तर असा उठून दिसतो की बांगड्या नवीन वाटतात. थंड गुलाबी रंग मेंदीच्या हातावर मळका दिसतो. दुधाळ पीच घेऊ नका. त्यात पांढरा रंग इतका असतो की नखं खडूची वाटतात, शिवाय रेघा येतात. निऑन अबोली दुकानात भुरळ घालते, पण उन्हात फिकी पडते. साधं क्रीम फिनिश घ्या, चमकी नको.

आता फोड. साध्या नेलपेंटमध्ये नायट्रोसेल्युलोज दोन द्रावांत विरघळवलेलं असतं: एथिल अ‍ॅसिटेट झटकन उडतं, ब्युटिल अ‍ॅसिटेट सावकाश. जाड थर लावून गरगरत्या पंख्याखाली हात धरला की वरचा भाग आधी सुकतो आणि दुधावर साय धरावी तसा पापुद्रा येतो. खालचा द्राव बाहेर पडायला बघतो आणि त्या पापुद्र्याला फुगवतो. तो फोड. पंखा एकवर करा, कूलरकडे पाठ करून बसा, आणि थर इतका पातळ लावा की पहिल्या हाताला नख खालून दिसलं पाहिजे. दुसरा हात तीन-चार मिनिटांनी. गरज वाटली तर तिसरा. बाटली खडखड हलवू नका, आत हवा शिरते. दोन्ही तळव्यांत धरून फिरवा.

जुनी बाटली घट्ट झाली असेल तर थिनरचे दोन-तीन थेंब. त्यात हेच दोन द्राव असतात, म्हणजे उडून गेलेलं परत घालता. नेलपेंट रिमूव्हर ओतू नका. अ‍ॅसिटोनने दोन दिवस पातळ वाटेल, पण त्याने पोत बिघडतो आणि रंग नखावर नीट पसरत नाही.

टवके उडण्याचं लग्नातलं पहिलं कारण मेंदी आहे. मेंदी खरवडल्यावर आपण हातांना तेल चोळतो, निलगिरीचं किंवा खोबरेल, आणि संध्याकाळी त्याच नखांवर रंग. तेलावर तो काय धरणार. हात धुवा, पूर्ण सुकू द्या, अर्धा तास तरी, कारण नख पाणी पिऊन पसरतं आणि मग आक्रसतं. शेवटी कापसावर रिमूव्हर घेऊन प्रत्येक नख पुसा, कडांसकट. बेस कोट, रंग, टॉप कोट, आणि प्रत्येक वेळी ब्रश नखाच्या पुढच्या कडेवरून फिरवा. टवका तिथूनच सुरू होतो.

मेंदीने नखं लाल व्हायला नको असतील तर मेंदीआधी पारदर्शक बेस कोट लावा, नंतर काढून टाका. मेंदीचा रंग नखात बसला की धुऊन जात नाही, नखाबरोबर वाढत पुढे सरकतो, आणि नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटरच वाढतं.

रात्री नेलपेंट लावून लगेच झोपलात तर सकाळी चादरीची नक्षी नखांवर. बोटाला सुकं लागलं तरी आतून कडक व्हायला काही तास जातात. बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवून फक्त वरचा थर आवळतो. संध्याकाळी सातला लावा, जेवण दुसऱ्याला वाढू द्या.

दोन वैऱ्यांकडे कोणाचं लक्ष जात नाही. एक, सनस्क्रीन बोटांच्या टोकांनी लावणं: त्यातले काही घटक ताज्या रंगाला मऊ करतात, टॉप कोट पिवळट होतो. तळव्याने लावा आणि नखं लगेच पुसा. डास पळवायच्या, डीईईटी हे रसायन असलेल्या क्रीमचंही तेच, ते तर नेलपेंट सरळ विरघळवतं.

दुसरा, वरण-भात. हाताने जेवलं की फिकट रंगावर हळदीची पिवळी झाक चढते. अबोलीवर ती त्यातल्या त्यात कमी दिसते, हेही माझं ती निवडण्याचं एक कारण. चढलीच तर सॅनिटायझरचा एक थेंब कापसावर घेऊन एकदाच झर्रकन फिरवा. अल्कोहोलमध्ये हळदीचा रंग उतरतो. घासत बसलात तर चकाकी जाईल, मग वरून टॉप कोटचा एक पातळ हात द्या. आणि डाग किरकोळ असेल तर नुसते हात उन्हात धरा. हळद उन्हात आपोआप उडते, वाळत घातलेल्या कपड्यांवरची उडते तशीच.